दहावं ठिकाण

माणसाला दहाचं एवढं वेड का आहे, मला कळत नाही. सात चालत नाहीत, अकरा चालत नाहीत, दहाच पाहिजेत. प्रणितलाही दहाच हवी होती. "काका, नऊ कसं दिसंल? दहा करा. आन् त्यातलं एक तरी आपल्या रिसॉर्टच्या जवळ पायजे."

प्रणित बेलपाड्याचा. आजोबा खाडीकाठी भात लावायचे, वडिलांनी न्हावा शेव्याच्या बंदरावर ट्रक लावले, आणि त्या ट्रकांच्या जिवावर नातवानं डोंगराच्या पायथ्याशी आठ खोल्यांचं रिसॉर्ट काढलं. पोरगा चांगला आहे. बोलतो मोठ्यानं, पण मनात काही ठेवत नाही. पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला त्याला एक छोटी पुस्तिका हवी होती, 'पनवेलच्या डोंगरात बघण्यासारखी दहा ठिकाणं'. माझं बाजारपेठेत पत्रिका छापायचं दुकान आहे आणि मला चार ओळी बऱ्या लिहिता येतात असा गावात समज आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. २०२२ चा ऑक्टोबर होता.

नऊ ठिकाणं मी दुकानातल्या खुर्चीतून न उठता लिहिली. कर्नाळ्याचा सुळका, तिथले पक्षी, प्रबळगड, कलावंतिणीच्या पायऱ्या, गाढेश्वरचं धरण, माथेरानला चढणारी जुनी पायवाट, चिरनेरचं स्मारक आणि अशीच आणखी दोन. ही ठिकाणं सगळ्यांना माहीत आहेत आणि सगळ्यांनी त्यांचे तेच तेच फोटो काढलेले आहेत. दहाव्यापाशी मात्र अडलो. शेवटी प्रणितच म्हणाला, "वावळवाडीच्या कमळीला विचारा. डोंगर तिच्याएवढा कुणालाच म्हाईत नाय."

कमळीला मी तोंडओळखीनं जाणत होतो. दर बुधवारी ती पनवेलच्या बाजारात रानभाजी नाही तर करवंदं घेऊन यायची आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टोपली टेकवून चहा प्यायची. वय पन्नाशीचं, अंगानं काटक, कमरेला लाकडी आकडी आणि तिच्यात कोयता. बोलायला खट्याळ. माझं पोट बघून एकदा म्हणाली होती, "दादा, तुमी बसून बसून चांगलं पिकलाव." वावळवाडी ही ठाकरांची चाळीस घरांची वाडी, डोंगराच्या निम्म्या उंचीवर. रस्ता खालीच संपतो, पुढं पाऊण तास चढ आहे.

मी वही-पेन घेऊन गेलो आणि तिला सांगितलं, ताई, लोकांनी येऊन बघावं असं काही इथं असेल तर दाखवा. ती खूश झाली. हातातलं काम टाकून निघाली, आणि पुढचे तीन तास तिनं मला जे काही दाखवलं त्यानं माझं डोकं फिरायची वेळ आली.

"ही विहीर बघा. मार्चला आटते." मी बघितली. "ही शाळा. ह्या कोपऱ्यात गळतं." ती बघितली. मग एका ओढ्यापाशी नेऊन मधल्या चपट्या दगडाकडे बोट केलं. "पावसात हा ओढा भरला का दवाखाना पलीकडं ऱ्हातो. वाडीतली किशोरी ह्याच दगडावर बाळंत झाली. मीच नाळ कापली." मी म्हटलं, "अहो ताई, बघण्यासारखं काहीतरी दाखवा." तिला माझ्या बोलण्याचा राग आला नाही, पण नवल वाटलं. म्हणाली, "हे कुणी बघितलं नाय, म्हणून तर दाखवतंय."

तिचं चुकत नव्हतं, हे आता कळतं. वाडीत कागद-पेन घेऊन जो येतो तो काय कमी आहे तेच विचारायला येतो. माणसं मोजणारा येतो, विहिरीची नोंद घेणारा येतो, रेशनचा येतो. डोंगर किती सुंदर आहे हे विचारायला तिच्या जन्मात कुणी आलं नव्हतं. त्यामुळे हातात वही दिसली की वाडीतलं कुणीही तुम्हाला आधी दुखतं ते दाखवतं.

सगळ्यात शेवटी तिनं मला वाडीच्या वर नेलं. बहिरीच्या देवस्थानाच्या मागं कातळाची एक लांबलचक कड आहे आणि तिच्या पाठीशी जमिनीत एक चीर. पंचवीस-तीस पावलं लांब, मूठ जाईल एवढी रुंद. आतून गार हवा येत होती. मी घामानं निथळत होतो, त्या हवेवर तोंड धरून तसाच बसलो. चिरेत एका जागी ऐनाच्या लाकडाची पाचर ठोकलेली होती आणि तिला पळसाच्या मुळीची दोरी बांधून दुसरं टोक झुडपाला अडकवलेलं होतं.

"ही पाचर मी घालते," कमळी म्हणाली. "दर दिवाळीला. डोंगर तोंड उघडतो हाय, दादा. हे लिवा."

मी लिहिलं. पण काय लिहिलं ते ऐका. तिनं साध्या, सरळ शब्दांत सांगितलं होतं आणि माझे कान शाबूत होते. तरी डोंगर, देव, ठाकरीण आणि पाचर एवढं एकत्र आल्यावर माझ्या डोक्यात श्रद्धा हाच शब्द आला. पुस्तिकेत दहाव्या क्रमांकावर छापून आलं ते असं : 'बहिरीची थंड चीर. भर उन्हाळ्यात गार वारा देणारा निसर्गाचा चमत्कार. स्थानिक भाविक येथे लाकडी पाचर वाहतात. मनात इच्छा धरून पाचर घट्ट बसवल्यास ती पूर्ण होते.' शेवटचं वाक्य माझं. इच्छेबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. पण इच्छा पुरी होत नसेल तर एवढा चढ चढून कोण येतो, असा माझा व्यापारी हिशेब.

पुस्तिका भलतीच चालली. आमच्या नऊ ठिकाणांकडे लोकांनी ढुंकूनही पाहिलं नाही, ती त्यांची आधीच बघून झाली होती. दहावं मात्र कुणीच बघितलेलं नव्हतं. शनिवार-रविवारी ठाणं, मुंबई, पुणं सगळं वावळवाडीवर लोटू लागलं. चिरेत हात घालून फोटो, पाय घालून फोटो, नवराबायकोनं मिळून पाचर ठोकतानाचा फोटो. प्रणितनं मला पेढे आणून दिले. मीही ते खाल्ले.

जूनच्या पहिल्या बुधवारी कमळी दुकानात आली. भाजीची टोपली नव्हती, गोणपाटाची पिशवी होती. ती तिनं माझ्या टेबलावर, नमुन्याच्या पत्रिकांवर, उलटी केली. आईस्क्रीमच्या काड्या, बांबूचे तुकडे, पेनं, एक दात घासायचा ब्रश, छत्रीची मूठ, कुणाच्या तरी खुर्चीचा पाय. शे-सव्वाशे वस्तू असतील.

"दादा, हे तुमच्या पाव्हण्यांचं," ती म्हणाली. "आता ह्यातून माझी पाचर काढून द्या."

मी हसलो. तिला चेष्टा करायची सवय होती म्हणून हसलो. पण ती हसत नव्हती. इतक्या वर्षांत तिला अशी कधी बघितली नव्हती, म्हणून मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यांदाच नीट ऐकून घेतलं.

सात वर्षांपूर्वी तिच्या शेळीचं करडू त्या चिरेत पाय अडकून ओरडत होतं. कमळीला आश्चर्य वाटलं, कारण आदल्या वर्षी तिथं तिचं बोटसुद्धा जात नव्हतं. तिनं लाकूड तासून बरोबर मापाची पाचर केली आणि ठोकली. दुसऱ्या दिवाळीला बघते तर पाचर ढिली होऊन आत घसरलेली, दोरीवर लोंबकळत होती. तिनं ती ओढून काढली, घराच्या छपरात खोचून ठेवली आणि जरा जाड दुसरी केली. तिसऱ्या वर्षी तीही घसरली. अशा सात पाचरी झाल्या. वाडीतले लोक तिला 'पाचरीवाली' म्हणून चिडवायचे. तिचा नवरा चांगो म्हणायचा, बाई डोंगराला बटण लावायला निघाली आहे. ती कुणालाच काही बोलत नसे, दिवाळी आली की माप घ्यायची. आणि कुणीतरी वहीवाला येईल तेव्हा त्याला सांगायचं, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. तो वहीवाला मी.

"आता तिथं शंभर लाकडं घुसली," ती म्हणाली. "माझी कोणी उपटली, कुठं टाकली, कळत नाय. आवंदा चीर वाढली का थांबली, मला काय समजंल?"

मला शरम वाटली. नुसती वाटली नाही, तिच्यासमोर बसवेना. मी त्याच दिवशी तीन कार्यालयांना अर्ज लिहिला, पोच घेतली, आणि मग मोठं काम केल्यासारखे हात झटकून पत्रिकांच्या मागे लागलो. अर्ज कुठल्या कप्प्यात झोपला ते विचारायलाही गेलो नाही. लग्नसराई नव्हती, त्यामुळे वेळ नव्हता असंही म्हणता येणार नाही. राहून गेलं, एवढंच.

त्या जुलैत इर्शाळवाडी दरडीखाली गेली. आमच्यापासून ती लांब नाही, आणि तीही ठाकरांचीच. सकाळी टीव्हीवर ती चिखलाची उतरण दिसली. मी प्रणितला फोन लावला. म्हटलं, वावळवाडी खाली आण. तो म्हणाला, "काका, आत्ता? एवढ्या पावसात?" मी म्हटलं, आत्ता. तुझ्या रिसॉर्टचं दहावं ठिकाण वाडीच्या डोक्यावर लटकतंय, हे मी तुला सांगतोय, कारण ते मीच लिहिलंय. त्यानं रस्ता जाईल तिथवर दोन ट्रक नेले आणि आठ खोल्यांतले पाहुणे परत पाठवून दारं उघडी टाकली.

वाडीत कमळी घरोघर फिरली. इर्शाळवाडीची बातमी तिथंही पोचलेली होती, त्यामुळे माणसं निघाली. एकटा चांगो निघेना. दारात बसून राहिला. "माझा बाप हितं मेला, आजा हितं मेला. डोंगरानं कुणाला मारलं नाय." कमळीनं वाद घातला नाही. त्याची लाडकी काळी शेळी उचलून खांद्यावर घेतली आणि चालू लागली. चांगो शिव्या देत शेळीच्या मागं खाली आला.

पावसाळा ओसरल्यावर भूगर्भ तपासणारी एक मुलगी आली. समीक्षा तिचं नाव, वय अठ्ठावीस-एकोणतीस. माझा अर्ज तिला सापडला होता, हे तिनं चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलं. कमळीनं तिच्यासमोर जमिनीवर सहा पाचरी ओळीनं मांडल्या. सातवी हरवली होती. प्रत्येकीचं साल तिला पाठ होतं, ही वाडीतल्या स्नेहाच्या लग्नाची, ही करोनाची, ही त्याच्या पुढची. समीक्षा गुडघ्यावर बसून पट्टीनं एकेक मोजत गेली. मध्येच थांबून म्हणाली, "मावशी, एवढं वर्षानुवर्षं मोजलेलं माझ्या हातात कधी आलं नव्हतं." हरवलेल्या वर्षासाठी मी प्रणितकडून पाहुण्यांचे फोटो गोळा केले. नोव्हेंबरच्या फोटोत एका बाईची मूठ चिरेत घट्ट बसली होती. जूनच्या फोटोत एका दांडग्या गड्यानं गुडघा घातला होता आणि तो हसत होता. समीक्षानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि दोन्हींवर पट्टी धरली.

तिच्या अहवालावरून वाडी खाली रस्त्यालगतच्या सपाटीवर आली. पत्र्याच्या चाळीस खोल्या. पक्की घरं पुढं होणार, ती अजून पुढंच आहेत. पुस्तिका मी परत घेतली, उरलेल्या प्रती फाडल्या आणि नवी छापली. प्रणित म्हणाला, "नऊच ठेवा, काका. नऊ चांगलं दिसतंय."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण डोंगर पडला नाही.

त्या पावसात पडला नाही, पुढच्या पावसात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि पत्र्याखाली राहणं काय असतं ते मे महिन्यात दुपारी बारा वाजता आत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. वर कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली गार घरं होती. दाराशी मोहाची झाडं होती, शेळ्यांना चारा होता. खाली ट्रकचा धुरळा. दादू नावाचा एक म्हातारा तर म्हणायचा की पत्र्याखाली कोंबडीसुद्धा अंडं द्यायची थांबली. लोकांचा राग कुणावर तरी निघणारच. सरकार लांब होतं, मी पनवेलला होतो. कमळी शेजारच्याच खोलीत होती.

तिच्याशी बायका बोलेनाशा झाल्या. पाण्याच्या रांगेत ती आली की रांग गप्प व्हायची. "हिच्या लाकडाच्या ढलप्यांनी आमचं घर घालवलं," असं तिला ऐकू जाईल इतक्या जवळून बोललं जायचं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चांगो शेळ्या घेऊन वर गेला तो तिकडेच राहिला. मीठ-मिरची न्यायला खाली यायचा, तेही बायकोच्या खोलीत न जाता दुकानातून परस्पर. पस्तीस वर्षांचा संसार होता.

गेल्या ऑगस्टात एका बुधवारी ती माझ्या पायरीवर बसली होती. चहा तसाच गार झाला होता. मी विचारलं, काय झालं. आधी नाही म्हणाली. मग माझ्याकडे न बघता सांगितलं.

"जुलैत तीन दिस पाऊस लागला व्हता ना. तवा मी खोलीत बसून वर बघत व्हते. मनात आलं, पडू दे एकदाचा. पडला का समद्यांना कळंल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझा म्हातारा वर व्हता, दादा. त्याच्या शेळ्या वर व्हत्या. आन् मी म्हंटलं पडू दे. मी आशी कवा झाले?"

मी मोठ्या थाटात म्हटलं की मनात येणं म्हणजे करणं नव्हे, वगैरे. ती ऐकत नव्हती. मग म्हणाली, "दुसऱ्या दिशी बहिरीला जाऊन नाक घासून आले. सांगितलं, मला खोटी ठरव. जनमभर लोकांनी हसू दे मला. डोंगर मातूर हाय तिथं ऱ्हाऊ दे." एवढं बोलून उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि बाजारात गेली. त्या दिवशी माझ्या हातून एका पत्रिकेत नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं.

पाचरीचं काम मात्र तिनं सोडलं नव्हतं. वाडी उठल्यावर चीर झाडाझुडपांनी अडवून टाकली होती, पाहुणे बंद होते, पण ती दर दिवाळीला वर जाऊन नवी पाचर ठोकायची. खाली येऊन लोकांना माप सांगायचंही तिनं सोडलं नव्हतं. आवंदा बोटभर, आवंदा अर्धं बोट. कुणी ऐको न ऐको. समीक्षाची बदली झाली होती, तिच्या जागी कुणी फिरकलं नव्हतं. ती अधूनमधून फोन करून कमळीकडून आकडा घ्यायची.

यंदाच्या मे महिन्यात कमळी म्हणाली, "दादा, चला वर. वाडीवाले पावसाआधी समदे परत जायचं म्हणतेत. एकदा बघून येते." मी गेलो. धापा टाकत, तिच्या दहा पावलं मागं. चिरेपाशी ती पालथी झोपली, हात आत घातला आणि पाचर धरून हलवली. मग दोन्ही हातांनी हलवली. मग उठून बसली.

"घट्ट हाय," ती म्हणाली.

दिवाळीत ठोकलेली पाचर केसभरही हलली नव्हती. एरवी उन्हाळ्यापर्यंतच ती ढिली व्हायची, दहा वर्षांत पहिल्यांदा घट्ट राहिली होती. तिनं पुन्हा पुन्हा हलवून बघितली आणि मग ती रडायला लागली. आधी मला वाटलं आनंदानं रडते आहे. होताही आनंद, पण नुसता नव्हता. ती जे बहिरीकडे मागून आली होती तेच तिला मिळालं होतं, आणि तेच आता सगळ्यांना परत वर घेऊन येणार होतं.

आम्ही तिथूनच समीक्षाला फोन लावला. ती म्हणाली, "चांगलं आहे मावशी, पण थांबली म्हणजे संपली असं नाही. अशी चीर पाच-पाच वर्षं गप्प राहते आणि एका पावसात सुटते. दोन्ही शक्य आहे." कमळीनं हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

उतरताना मी तिला सल्ला दिला. मी शहरातला माणूस, सल्ला द्यायला मला कुणी विचारावं लागत नाही. म्हटलं, "ताई, सांगू नका. बोटभर वाढली म्हणा. कोण वर जाऊन बघणार आहे? चाळीस घरांच्या जिवाचा प्रश्न आहे. एवढं खोटं देवही माफ करील."

ती चालायची थांबली. माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. "दादा," ती म्हणाली, "तुमी एकदा पाचरीच्या नावानं खोटं लिवलं. त्याचं काय झालं?"

मी पायाखाली बघत उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाटीवरच्या आंब्याखाली वाडी जमली. काहींची बोचकी बांधूनच झाली होती. कमळी काय सांगणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. चांगोही आला होता, घोळक्याबाहेर, काठीवर हनुवटी टेकून. मी प्रणितच्या गाडीला टेकून उभा होतो. मला मनापासून वाटत होतं की तिनं ऐनवेळी खोटं बोलावं.

"पाचर हाय तिथं हाय," कमळी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आवंदा चीर वाढली नाय. येवढूशी पण नाय. समीक्षाबाय म्हनते, थांबली आसंल, नाय तर गप्प बसली आसंल. काय ते तिला पण सांगता येत नाय, मला पण नाय. माझ्या मनात इचाराल तर मी वर जाणार नाय. पण पाचर काय बोलते ते तुमाला सांगितलं पायजे."

मग दादू म्हातारा उठला. "म्हंजे आमीच खरं बोलत व्हतो. उचला रं बोचकी." पोरांनी शिट्ट्या मारल्या. दोन-तीन बाया हसल्या. कमळी खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ती हरलेली दिसत होती, आणि खरं सांगायचं तर मी तिच्यावर चिडलो होतो. एवढा खरेपणा कशाला हवा होता?

चांगो वळला आणि डोंगराच्या वाटेला लागला. त्याला जाताना सगळ्यांनी बघितलं. जुना जाणता माणूस, त्याच्या मागून बाकीचे जाणार हे ठरल्यासारखंच होतं. पण ऊन फार होतं, म्हणून ऊन उतरल्यावर निघू असं म्हणून लोक बोचक्यांवर बसून राहिले. मीही थांबलो. का थांबलो ते माहीत नाही. मला त्या बाईला तिथं एकटीला सोडून जाववेना.

उन्हं कलली तेव्हा आधी शेळ्या दिसल्या. सगळ्या, एकामागे एक, उतरत येत होत्या. त्यांच्या मागं चांगो, कमरेत वाकलेला, पाठीवर काहीतरी भलंमोठं घेऊन. जवळ आला तेव्हा कळलं, ते त्याच्या घराचं दार होतं. सागाची जाड फळी, बिजागऱ्यांसकट काढलेली. सत्तरीचा माणूस पाऊण तासाच्या उतारावरून ते दार पाठीवर बांधून आला होता.

दादू बोचक्यावरून उठला. "काय रं चांगो, आमी वर यायचं म्हनतो आन् तू खाली?"

चांगोनं दार जमिनीवर टेकवलं आणि दम घेतला. "हिला खोटं बोलायचं आसतं," तो म्हणाला, "तर आज बोलली आसती."

एवढंच. दादूनं आपलं बोचकं उचललं आणि परत खोलीत नेऊन ठेवलं. त्याच्या सुनेनं गाठ सोडून तवा बाहेर काढला.

चांगो बायकोच्या खोलीसमोर जाऊन उभा राहिला होता. वर्ष-दीड वर्षात तिथं आला नव्हता, म्हणून आत जायला बिचकत होता. कमळी बाहेर आली.

"दार कुठं लावू?" त्यानं विचारलं.

"हितं दार हाय."

त्यानं पत्र्याच्या दाराकडे बघितलं, मग पाठीवरून आणलेल्या फळीकडे. "मंग आता ह्याचं काय करू?"

"आडवं टाका," कमळी म्हणाली. "बसायला व्हईल."